दाण्याच्या नूडल्स: पाचव्या ते नवव्या खेपेची नोंद

चौथ्या खेपेला सॉस फाटला होता, तिथून पुढे.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरून नौपाड्यातल्या घरी पोचेपर्यंत मला रात्रीचे आठ वाजतात. आठवड्यातली एक रात्र पोळी-भाजीला सुट्टी द्यायची आणि वीस मिनिटांत चौघांच्या ताटात शेंगदाण्याच्या सॉसमधल्या नूडल्स वाढायच्या, एवढंच मी ठरवलंय. अट एकच: पीनट बटरची बरणी विकत आणायची नाही. पहिल्या तीन खेपा तशा बरणीवरच केल्या होत्या. सॉस गुळगुळीत व्हायचा, पण गोड लागायचा, आणि आपल्या कढईत भाजलेल्या दाण्याचा जो वास घरभर फिरतो तो त्यात कुठेच नव्हता. चौथ्यांदा घरचं कूट वापरलं, त्यात सोया सॉस आणि पाणी घालून गॅसवर उकळलं. वर तेलाचा तवंग, खाली चोथा. नूडल्सवरून तेल ओघळलं आणि कूट ताटाच्या तळाशी राहिलं.

सासूबाईंनी ते ताट पाहून लगेच ओळखलं. म्हणाल्या, "अगं, ही तर उपासाची आमटी झाली." आणि ते अगदी बरोबर होतं. दाण्याच्या आमटीला उकळी आणतात, वर तेल आलं की ती जमली असं आपण म्हणतो, आणि वरीच्या तांदळावर ती तशीच हवी असते. नूडल्सना मात्र तेल, पाणी आणि दाणा एकजीव होऊन धाग्याला चिकटलेले हवेत. म्हणून पाचव्या खेपेपासून सगळं लक्ष दाण्यावर दिलं.

पाचवी खेप. दाणे जांभळी नाक्यावरून आणले. मोठे जाडे दाणे दिसायला छान, पण माझ्या अनुभवात लहान, गोलसर, लालसर सालीचा दाणा जास्त खमंग लागतो. अर्धा किलो घेतले आणि ताटात पसरून निवडले. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा संशय असलेले दाणे बाजूला काढले. हे काम घाईत टाळू नका. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं जे विष तयार होतं ते भाजून पूर्णपणे जात नाही. शिवाय एक खवट दाणा अख्ख्या बरणीची चव बिघडवतो.

भाजण्यात दोन वाटा करून पाहिल्या. अर्धे दाणे नेहमीसारखे लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत. अर्धे जाड मिठात: कढईत दीड वाटी खडेमीठ चांगलं तापवलं, त्यात दाणे टाकले आणि झाऱ्याने वरखाली करत राहिले. खारे दाणे विकणारे भट्टीवर गरम वाळू वापरतात, तेच तत्त्व. नुसत्या कढईत दाण्याचा जेवढा भाग तळाला टेकतो तेवढाच तापतो, मिठात उष्णता चहूबाजूंनी लागते. नुसत्या कढईला अठरा मिनिटं लागली आणि काही दाण्यांवर काळे ठिपके आले. मिठातले दाणे बारा मिनिटांत एकसारखे बदामी झाले. चाळणीने मीठ वेगळं केलं. ते पुढच्या वेळी परत वापरता येतं. थोडं मीठ सालीला चिकटून राहतं, म्हणून नंतर सोया सॉस बेतानेच घालायचा.

कधी थांबायचं याची माझी खूण: तडतड सुरू होऊन कमी होऊ लागते, साल बोटाने चोळल्यावर सुटते, आणि दाणा फोडला तर आत फिक्या बिस्किटाचा रंग दिसतो. आतही गडद बदामी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण गॅस बंद केल्यावरही दाणा स्वतःच्या उष्णतेवर भाजत राहतो. लगेच सुपात पसरा. सालं पाखडून काढण्याचं काम लेकीने अंगावर घेतलं. गॅलरीत उभी राहून तिने ते इतक्या मन लावून केलं की आता ते तिचंच झालंय.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी ही नोंद लिहायला बसले. आपल्या घरांत लहानपणापासून एक सूचना ऐकू येते: गरम दाणे मिक्सरला लावायचे नाहीत, तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. मीही पाचव्या खेपेपर्यंत ही सूचना पाळत होते. दाणे पूर्ण गार करायचे, मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, कूट मोकळं ठेवायचं. साबुदाण्याच्या खिचडीला ते बरोबरच आहे. पण सॉसला तेच सुटलेलं तेल हवं आहे! शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ अर्धं तेल असतं. ते दाण्याच्या आत बंद राहिलं तर सॉसमध्ये कूट वाळूसारखं लागतं. तेल बाहेर आलं तरच बारीक कण त्यात तरंगतात आणि पेस्ट होते. सोलापूरची शेंगा चटणी कुटताना दाण्याचं तेल सुटेपर्यंत कुटतात, म्हणूनच ती कोरड्या चटणीसारखी भुरभुरत नाही, बोटाला लागते. हे मला माहीत होतं, वर्षानुवर्षं ती चटणी भाकरीबरोबर खाल्ली होती, तरी नूडल्सशी त्याचा संबंध जोडायला पाच खेपा लागल्या.

तेव्हा सहाव्या खेपेला सालं काढलेले, अजून कोमट असलेले दाणे मिक्सरच्या लहान भांड्यात घातले. भांडं निम्म्याच्या वर भरलेलं असू द्या, नाहीतर दाणे नुसतेच कडेला उडत राहतात. पहिल्या मिनिटात कूट झालं. दुसऱ्यात ते भांड्याच्या कडांना घट्ट बसलं. इथे झाकण काढून चमच्याने खरवडायचं आणि मिक्सरला अर्धा मिनिट विश्रांती द्यायची. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ओलसर ढेकळं झाली. याच टप्प्यावर पाणी घालण्याचा मोह होतो. घालू नका. अजून दोनदा फिरवल्यावर ढेकळं मोडली, वर चकाकी आली, आणि मग एकाएकी सगळं सैल होऊन पात्याभोवती गोल फिरू लागलं. आवाजही बदलतो, खरखर जाऊन गुळगुळीत घरघर येते. वरून एक थेंब तेल घातलं नव्हतं.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "यात गूळ घालून लाडू वळ की." मी म्हटलं, "आई, तुम्ही वळा, पण निम्मी माझ्यासाठी ठेवा." निम्मी उरली ती काचेच्या बरणीत गेली. फ्रीजमध्ये ती चांगली टिकते. रोजच्या वापराला मी आठ-दहा दिवसांपुरतीच करते.

सहाव्याच खेपेला पाण्याचाही धडा मिळाला. वाडग्यात पेस्ट घेतली, सोया सॉस घातला, दोन चमचे पाणी घातलं आणि ढवळलं, तर सैल पेस्ट एकदम घट्ट झाली, कणकेसारखी. पुन्हा बिघडलं असं वाटून मी थांबले होते. मग आणखी गरम पाणी घालत राहिले, एका वेळी एक चमचा, आणि सातव्या-आठव्या चमच्याला ती उघडली: फिकट रंगाची, मलईदार, कुठेही तवंग नाही. ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, करणाऱ्यांना हे माहीत असेल, तिचंही असंच होतं. थोडं पाणी पडलं की तेलात तरंगणारे दाण्याचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. पाणी पुरेसं झालं की उलट होतं, तेलाचे बारीक थेंब होऊन तेच पाण्यात विखुरतात. नूडल्स उकळलेलं पाणी वापरलं तर त्यातल्या पिठुळपणामुळे सॉस जास्त टिकून राहतो. सॉस गॅसवर अजिबात ठेवायचा नाही, नूडल्सच्या अंगची उष्णता पुरते.

किती पातळ? कढीइतका. वाडग्यात तो जास्तच पातळ वाटेल, पण नूडल्स दोन मिनिटांत पाणी ओढून घेतात. सहाव्या खेपेला मी इडलीच्या पिठाइतका दाट ठेवला होता आणि जेवण अर्ध्यावर येईपर्यंत ताटात गोळे झाले होते.

सातवी खेप आंबटपणाची. व्हिनेगर घातलं तर त्याचा वास पुढे येतो. लिंबू चांगलं, पण दाण्याशी ते वरवर राहतं. चिंच चवीला उत्तम, कोळ काढण्यात वेळ जातो. शेवटी आमटीकडेच परत गेले: सहा आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात, घरात शिरल्या शिरल्या भिजत टाकायची. हातपाय धुऊन, नूडल्सचं पाणी उकळेपर्यंत ती तयार असतात. रंग थोडा काळपट येतो, सोया सॉसमध्ये तो तसाही लपतो. जोडीला सुपारीएवढा गूळ. माझ्या मते हा मुक्काम आहे, इथून मी हलणार नाही.

आठव्या खेपेने सगळ्यात जास्त आनंद दिला. चीनमध्ये सिचुआनकडे दानदान नावाच्या नूडल्स करतात. विक्रेते खांद्यावरच्या कावडीतून नूडल्स आणि सॉस घेऊन फिरायचे, त्या कावडीच्या काठीवरून हे नाव पडलं. त्यांच्यावर मिरचीचं लाल तेल असतं आणि जीभ हलकेच बधिर करणारी सिचुआन मिरी. ती मिरी कुठे मिळेल हे शोधत होते, आणि एका संध्याकाळी सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यातली तिरफळं हाती लागली. दोन्ही झाडं एकाच कुळीची आहेत, झँथोझायलम या एकाच वंशातल्या वेगवेगळ्या जाती. आपण बांगड्याच्या आमटीत जी ठेचून टाकतो तीच तिरफळं. वास सिचुआन मिरीपेक्षा जास्त रानटी, लाकडासारखा, पण जिभेवरची ती झिणझिण्यांची चुणूक तीच!

तेल असं केलं: चार चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल चांगलं तापवून गॅस बंद, एक मिनिट थांबून दोन चमचे बेडगी तिखट आणि एक चमचा भाजलेल्या तिळावर ओतलं. थांबलं नाही तर तिखट जळून काळं पडतं. आठ तिरफळं, आतल्या काळ्या बिया काढून टाकून नुसती टरफलं, जाडसर ठेचून तेल कोमट झाल्यावर घातली. मी ती उकळत्या तेलातच टाकणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला. "तळू नकोस हां, कडवट होतील. आमटीतसुद्धा शेवटीच घालतात." तेल अर्धा तास मुरलं की वास बदलतो. बरणीत भरून ठेवलं तर रोजच्या वेळात त्याचा एक मिनिटही जात नाही.

तिळाच्या तेलाबद्दल एक गोष्ट, कारण मीही आधी फसले होते. अशा चिनी पाककृतींत लिहिलेलं तिळाचं तेल हे भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं असतं. आपल्याकडचं नेहमीचं तिळाचं तेल न भाजलेल्या तिळाचं असतं, त्याने तो वास येणार नाही. तीळ भाजून ठेचून घाला, काम होतं.

हे सगळं जुळवताना एक विचार सारखा येत राहिला. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्याआधी सोलापुरात शेंगा चटणी नव्हती आणि सिचुआनमध्ये लाल तेल नव्हतं. दोन्हीकडच्या लोकांनी परक्या जिन्नसांना इतकं आपलंसं केलं की आज त्यांच्याशिवाय ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येत नाही. माझ्या वाडग्यात ते परत एकत्र येतात याचं मला फार अप्रूप वाटतं.

नववी खेप, काल रात्रीची, चौघांसाठी. ३०० ग्रॅम कोरड्या हक्का नूडल्स, पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी उकळलेल्या, धुतल्या नाहीत. पेस्ट भरगच्च सहा मोठे चमचे, सोया सॉस तीन चमचे, लसणाच्या सहा पाकळ्या किसून, बोटाच्या पेराएवढं आलं, आमसुलाचं पाणी, गूळ, आणि नूडल्सचं पाणी साधारण पाऊण वाटी. वर काकडीचे लांब काप, कांद्याची पात, मूठभर जाडसर कूट, आणि ज्याला त्याला हवं तेवढं लाल तेल. काकडी सोडू नका, दाण्याचा जडपणा तिच्याशिवाय उतरत नाही. कोबी कच्चा घालून पाहिला, आवडला नाही.

पाणी गॅसवर ठेवल्यापासून ताट वाढेपर्यंत एकोणीस मिनिटं. त्यातली अकरा नुसती पाणी उकळण्यात गेली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेल न घेता. नवऱ्याने तेल दोनदा घेतलं आणि मग ताक मागितलं.

पुढच्या खेपेला दोन गोष्टी करायच्या आहेत. नूडल्सऐवजी तांदळाच्या शेवया, आणि पाणी इलेक्ट्रिक किटलीत उकळून पातेल्यात ओतायचं, म्हणजे ती अकरा मिनिटं किती खाली येतात ते कळेल. दाणे आजच निवडून ठेवलेत. खडेमीठही जुन्याच डब्यात आहे.