डेडहॅमचं फेअरबँक्स घर : नातीच्या शेतकरी पूर्वजाच्या दारात

एप्रिलच्या शेवटी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा घर बंद होतं. रस्त्यावरूनच ते मधोमध वाकलेलं छप्पर आणि त्यातून वर आलेली भली मोठी विटांची चिमणी बघितली, नातीने दोन फोटो काढले आणि परत आलो. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, अमेरिकेत बोस्टनजवळच्या डेडहॅमचं फेअरबँक्स घर मे ते ऑक्टोबर एवढंच उघडं असतं आणि त्यातही रोज नाही, त्यामुळे वेबसाईटवर वार आणि वेळ बघूनच निघा. आम्ही जूनमध्ये परत गेलो आणि नीट बघून आलो.

आता आम्ही तिथे का गेलो ते. माझी लेक बोस्टनजवळ राहते, जावई अमेरिकन आहेत. नातीला शाळेत वंशवृक्ष करून आणायला सांगितलं होतं. आमच्या बाजूची वंशावळ माझ्याकडे होती, लहानपणी हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा घरी यायचा तेव्हा वडिलांनी त्याच्याकडून वहीत उतरवून घेतलेली. जावयांच्या बाजूने त्यांच्या आईने जपलेले कागद निघाले आणि ते जाऊन थांबले जोनाथन फेअरबँक्स या शेतकऱ्यापाशी, जो १६३३ मध्ये इंग्लंडहून बोस्टनला उतरला. म्हणजे शिवाजी महाराज तीन वर्षांचे होते तेव्हा! मी २९ वर्षं भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली, आयुष्य फेरफार, वारस नोंदी आणि वाटणीपत्रं वाचण्यात गेलं, त्यामुळे या माणसाची जमीन कुठे होती, घर कुणाला गेलं, बाकीच्यांना काय मिळालं हे मला बघायचंच होतं.

जायचं कसं : डेडहॅम बोस्टनच्या नैर्ऋत्येला साधारण १५ किलोमीटरवर आहे. गाडी नसेल तर बोस्टन मेट्रोच्या ऑरेंज लाईनने शेवटच्या फॉरेस्ट हिल्स स्टेशनला उतरायचं, तिथून ३४ई नंबरची बस डेडहॅम स्क्वेअरवरून जाते, आणि स्क्वेअरपासून ईस्ट स्ट्रीटवरचं ५११ नंबरचं घर चालत जाण्यासारखं आहे. माझे गुडघे फार साथ देत नाहीत तरी मी सावकाश गेले. बस रविवारी कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. खायचं-प्यायचं स्क्वेअरमध्येच उरकून घ्या, घराजवळ काही नाही.

आणि ऊन असेल असा दिवस निवडा, कारण आतल्या खोल्या अंधाऱ्या आहेत, खिडक्या बारक्या आणि लाकूड काळवंडलेलं. आढं खूप खाली आहे, सहा फुटी जावयांना जवळजवळ सगळीकडे मान वाकवून चालावं लागलं. जमीन उंचसखल आहे, जिने अरुंद आणि खडे आहेत, तर वयस्कर माणसांनी वरच्या मजल्यावर जायचं की नाही हे आधीच ठरवा. फोटो काढायचे तर गाईडला विचारून. आणि हो, लहान मुलं बरोबर असतील तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. १८०१ मध्ये याच घरातल्या जेसन फेअरबँक्स नावाच्या तरुणाला एलिझाबेथ फेल्स या मुलीच्या खुनासाठी फाशी झाली, आणि टूरमध्ये ती हकिगत येते. नातीला मी रस्त्यातच थोडक्यात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही.

घराबद्दल. लाकडी सांगाड्याचं उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात जुनं उभं असलेलं घर म्हणून ते ओळखलं जातं. हे नुसतं घराण्याचं सांगणं नाही, तुळयांच्या लाकडातल्या वाढीच्या कड्या मोजून काळ काढलाय, तो १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचा येतो. मूळ घर अगदी साधं, मध्ये चिमणी, तिच्या एका बाजूला ‘हॉल’ म्हणजे स्वयंपाकाची आणि बसण्या-उठण्याची खोली, दुसऱ्या बाजूला ‘पार्लर’ म्हणजे चांगली खोली जिथे मालक-मालकीणबाईंचा पलंग असायचा, वर दोन खोल्या आणि त्यावर माळा. मागची पडवी आणि दोन्ही बाजूंच्या खोल्या नंतर पिढ्यानपिढ्या वाढवत नेल्या. ओकच्या तुळया एकमेकींत खाचा करून लाकडी खुंट्यांनी बसवल्यात. आमच्या वाईच्या वाड्याच्या माळवदाखालची खणं मला तिथे उभं राहिल्यावर आठवली, सुताराचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं असं वाटलं. मी त्या तुळईला हात लावायला गेले तर गाईड म्हणाली नका लावू, बरोबरच होतं तिचं.

तर हा जोनाथन. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या सोवर्बीचा, तो सगळा लोकरीच्या धंद्याचा मुलूख. बायको ग्रेस ली, लग्न १६१७ चं. मुलं सहा, जॉन, जॉर्ज, मेरी, सुझन, जोनास आणि धाकटा जोनाथन. म्हणजे आला तेव्हा काही कोवळा पोरगा नव्हता, भरलेला संसार उचलून आला. डेडहॅम गाव १६३६ मध्ये वसलं, आणि गावात जमीन हवी तर आधी गावाच्या करारनाम्यावर सही करायची असा नियम. लग्न झालेल्या माणसाला घरठाणाची १२ एकर जमीन, त्यातली ४ एकर पाणथळ, आणि एकट्या पुरुषाला ८ एकर. जोनाथनला १२ एकर मिळाली, आपल्या हिशेबाने ४८० गुंठे. शिवाय कुरणं, जंगल, पुढच्या वाटपातले हिस्से वेगळे. शेतीबरोबर तो लाकूड कातून चरखे बनवायचा असं घराण्यात सांगतात, आणि यॉर्कशरच्या माणसाबद्दल ते पटतं.

मला त्याच्याबद्दल सगळ्यात भावलं ते वेगळंच. त्या गावात चर्चचं सदस्य होणं म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, आणि हा गडी त्याला काही वर्षं तयारच नव्हता. चर्चच्या नोंदीत लिहिलंय की जाहीर साक्षीबद्दल त्याला काही शंका होत्या म्हणून तो फार दिवस बाजूला राहिला, मग त्याच्याशी प्रेमाने बऱ्याच वेळा बोलणी झाली आणि शेवटी १६४६ मध्ये त्याला आनंदाने सामील करून घेतलं. इतकी वर्षं पूर्ण गावात राहून मन मानत नाही तोवर हो न म्हणणारा माणूस, आणि त्याला हाकलून न देता समजूत घालत राहिलेलं गाव, दोन्हींबद्दल मला आदर वाटला.

ही नोंद शोधताना एक अडचण येते ती सांगून ठेवते. तारीख ‘१४ तारीख, ६ वा महिना’ अशी आहे. सहावा म्हणजे जून नाही! त्या काळी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं आणि मार्च हा पहिला महिना, त्यामुळे सहावा म्हणजे ऑगस्ट. जानेवारी ते मार्चमधल्या तारखा म्हणूनच १६७५/७६ अशा दुहेरी लिहितात. वंशावळीत एक वर्षाचा फरक दिसला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. दुसरं, आडनाव फेअरबँक्स, फेअरबँक, फेयरबँके असं वाटेल तसं लिहिलेलं सापडतं, सगळी रूपं टाकून शोधा.

आता मालमत्तेकडे येते. जोनाथनचं मृत्युपत्र जून १६६८ चं आहे आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो गेला. ग्रेस नंतर १६७३ मध्ये गेली. घर आणि जमीन थोरल्या जॉनला, बाकीच्या मुलांना प्रामुख्याने रकमा, आणि बायकोची वेगळी सोय. मॅसॅच्युसेट्सचा तेव्हाचा कायदा असा होता की मृत्युपत्र न करता माणूस गेला तर थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा आणि बाकीच्यांना एकेक. म्हणजे इंग्लंडसारखं सगळं थोरल्याला असंही नाही आणि आपल्यासारखं सगळ्या मुलांना सारखंही नाही. मृत्युपत्रानंतर शेजारची माणसं येऊन घरातल्या वस्तूंची खोलीगणिक यादी करायची आणि प्रत्येकीची किंमत लावायची, कारण रकमा त्यातूनच द्यायच्या. मी मोजणीच्या वेळचे पंचनामे पाहिलेत, हे अगदी तसंच. किमती पौंड-शिलिंग-पेन्समध्ये, २० शिलिंगांचा पौंड आणि १२ पेन्सचा शिलिंग, रुपये-आणे-पैचा हिशेब शिकलेल्यांना अवघड जाणार नाही. जमिनीची वर्णनंही त्या काळी चतुःसीमा सांगूनच लिहायची, पूर्वेला अमक्याची जमीन, दक्षिणेला रस्ता. नातीला मी गट नंबर नसताना शेत कसं ओळखायचं ते याच्यावरून शिकवलं.

ती टूरमध्ये सगळं ऐकून घरी येताना म्हणाली, “आजी, मग हे घर आपलं का नाही?” कारण तिचे वडील जॉर्जच्या शाखेतले, जॉनच्या नाही. मी तिला सांगितलं की घर एकाकडे राहिलं म्हणूनच ते राहिलं. आमचा वाईचा वाडा चार भावांत वाटला गेला, प्रत्येकाने आपापला भाग पाडून बांधला, आज तिथे एक तुळईसुद्धा जागेवर नाही. डेडहॅमचं घर मात्र आठ पिढ्या एका घराण्यात राहिलं, शेवटची रहिवासी रिबेका फेअरबँक्स, लग्न न केलेल्या बाई, त्यांनी १९०४ मध्ये ते सोडलं, आणि जगभर पांगलेल्या भाऊबंदांनी संस्था काढून ते संग्रहालय म्हणून चालवायला घेतलं. ही संस्था अजून घराण्याचीच आहे. १९०५ ते १९०९ अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले चार्ल्स फेअरबँक्स याच वंशातले, अलास्कामधल्या फेअरबँक्स शहराला त्यांचंच नाव आहे.

पण ज्यांना घर मिळायचं नव्हतं त्यांचं काय झालं तेही नातीला सांगायलाच हवं होतं. बाप जिवंत असतानाच दोघे मुलगे पुढे सरकले, जॉर्ज चार्ल्स नदीच्या वरच्या अंगाला शेरबर्नकडे आणि जोनास पश्चिमेला लँकॅस्टरला. ती जमीन मोकळी नव्हती, तिथली माणसं होती. डेडहॅम ज्या जमिनीवर वसलं तीही मॅसॅच्युसेट या मूळ रहिवासी लोकांची. जवळच्या नेटिकला ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांना जमीन दिली तेव्हा डेडहॅमच्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि भरपाई म्हणून त्यांना लांब पोकमटकला ८,००० एकर मिळाली, तीही दुसऱ्या कुणाची तरी, तिथे पुढे डीअरफील्ड गाव झालं. मग १६७५ मध्ये मूळ रहिवासी आणि इंग्रज वसाहतवाले यांच्यात युद्ध पेटलं आणि फेब्रुवारी १६७६ च्या लँकॅस्टरवरच्या हल्ल्यात जोनास आणि त्याचा मुलगा जोशुआ दोघे मारले गेले. वंशवृक्षात नुसतं ‘मृत्यू १६७६’ लिहिलं तर हे काहीच कळत नाही. आम्ही नातीच्या तक्त्यावर त्या चौकटीखाली दोन ओळी जास्त लिहिल्या, शाळेतल्या बाईंनी जागा कमी आहे म्हटलं तरी.

कागद बघायचे असतील त्यांच्यासाठी. डेडहॅम आज नॉरफोक काउंटीत आहे, तिथलं रजिस्ट्री ऑफ डीड्सचं म्हणजे जमिनीच्या दस्तांच्या नोंदणीचं ऑफिसही गावातच आहे, पण ती काउंटी झाली १७९३ मध्ये. त्याआधीचं सगळं सफोक काउंटीच्या दप्तरात! जसं जुन्या तालुक्यातून नवा तालुका निघाला की जुने फेरफार जुन्या ठिकाणीच मागावे लागतात तसंच, आमच्याकडे लोक याच चुकीने दोन-दोन खेपा घालायचे. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाईटवर फुकट खातं उघडलं की घरबसल्या बरंच बघता येतं. प्रत्यक्ष जायचं तर कोलंबिया पॉइंटवरचं मॅसॅच्युसेट्स आर्काइव्हज, रेड लाईनच्या जेएफके-यूमास स्टेशनवरून. फोटो असलेलं ओळखपत्र न्या आणि लिहायला फक्त पेन्सिल. न्यूबरी स्ट्रीटवर १८४५ मध्ये स्थापन झालेली वंशावळींची मोठी संस्था आहे, तिथली मदत करणारी माणसं फार चांगली भेटली आम्हाला. डेडहॅमचं जुनं गावदप्तर १९ व्या शतकाच्या शेवटी छापलं गेलं आणि या घराण्याची वंशावळही १८९७ मध्ये छापली, दोन्ही इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेत, छापील असल्याने वाचायला सोपे. मूळ हस्ताक्षर मात्र मोडीसारखंच आहे, सवय नसेल तर पहिल्या दिवशी एक ओळ लागत नाही, धीर सोडू नका.

आणि इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षांवरून आंधळेपणाने उतरवून घेऊ नका. एकाने चुकवलं की पन्नासजण तेच चिकटवतात. प्रत्येक पिढीला एक तरी कागद हवा, जन्माची नोंद, लग्न, मृत्युपत्र काहीही. आमच्याकडे दोन पिढ्यांना अजून कागद नाही, तिथे आम्ही पेन्सिलने नाव लिहून ठेवलंय.

वेळ उरला तर मदर ब्रूक जरूर बघा. चार्ल्स नदीचं पाणी नेपॉनसेटकडे वळवायला गावकऱ्यांनी १६३९ नंतर खणलेला पाट, पीठगिरणीसाठी. अजून वाहतो. आम्ही त्याच्या काठावर बसून डब्यातले मेथीचे ठेपले खाल्ले, जावयांनी चार. लँकॅस्टरला ऑगस्टमध्ये जायचं ठरवलंय, जोनासची जमीन कुठे होती ते बघायला. जाऊन आले की तिथला रस्ता आणि कागदांचं काय ते लिहीन.