डोक्यावर उभी केरसुणी

स्वयंपाकघराच्या दारामागे केरसुणी डोक्यावर उभी होती. मूठ जमिनीला, पिसारा वर.

दुपारचे अडीच वाजले असतील. आमच्या खानदेशातला कानबाईचा सण दोन दिवसांवर, भिंतींना नुकताच रंग दिलेला, डबे-भांडी घासूनपुसून पालथी, आणि मी पाणी प्यायला उठलेली. केरसुणी आडवी करून ठेवली. चार वाजता चहा टाकायला गेले तर पुन्हा उभी. पुन्हा आडवी केली. दिवेलागणीला पुन्हा उभी. घरात भुताटकी म्हणावी, तर भूत कोण ते मला ठाऊक होतं. सून.

ती इंग्लंडमधल्या डेव्हनची. मुलगा तिकडे नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या श्रावणात, दोघं नातीला घेऊन अमळनेरला येतात. सून पेगन आहे. शेजारच्या काकूंनी पहिल्या वर्षी हळूच विचारलं होतं, "ख्रिश्चन ना?" म्हटलं, नाही. "मग?" म्हटलं, झाडं, चंद्र, ऋतू, अग्नी, पाणी यांना मानतात. "अगं बाई, मग आपल्यातलीच की!" म्हणून काकू मोकळ्या झाल्या आणि कढीपत्ता मागून घेऊन गेल्या.

आपल्यातलीच असती तर केरसुणीच्या तीन फेऱ्या कशाला झाल्या असत्या? तिच्याकडे म्हणे पिसारा वर करूनच ठेवायची. घराची राखण होते, शिवाय काड्या वाकत नाहीत. काड्यांचं मला पटलं, पण तसं मी कबूल केलं नाही. आपल्याकडे ती उभी ठेवायची नाही, आल्यागेल्याच्या नजरेस पडेल अशी ठेवायची नाही, दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, काढलाच तर बाहेर टाकायचा नाही. आणि ओलांडायची तर मुळीच नाही.

सात-आठ वर्षांची असताना ओसरीवर लंगडी घालता घालता मी ती ओलांडली होती. मोठी माय दाळ पाखडत होती. सूप तसंच टाकून तिने माझं बखोट धरलं. "लक्ष्मी शे ती! पाया पड तिना!" पडले. तेवढ्यावर भागलं नाही. जिथून उडी मारली तिथे पाठमोरं, उलट्या पावलांनी परत जायचं. जाताना माझी टाच नेमकी मुठीवर पडली. मग पुन्हा पाया, पुन्हा पहिल्यापासून. गल्लीतली पोरं कडेला उभी राहून मोजत होती. चौथ्या खेपेला मी सुटले. अजूनही मॉलमध्ये फरशी पुसणारा मॉप आडवा पडलेला दिसला की माझा पाय अडतो आणि मागचा माणूस माझ्यावर आदळतो.

अशा घरात मुलाच्या लग्नाचा फोटो यावा तर काय यावा! हिरवंगार माळरान, नवरा-नवरीचे हात रंगीत फितीने बांधलेले. इथवर ठीक, आपल्याकडेही उपरण्या-शालूची गाठ असते. पुढच्या फोटोत दोघं हवेत, आणि खाली बर्चच्या काटक्यांचा भला मोठा खराटा. त्यावरून उडी मारली की संसार सुरू. लग्नाची नोंदणी आधीच कचेरीत करून झाली होती, कारण इंग्लंडात या हस्तबंधनाला कायद्याचा आधार नाही. मी फोटो दोन बोटांनी मोठा करकरून बघितला, मुलाचा बूट लागलाय की काय. हे म्हणाले, "लागला नाही. चांगली हातभर उंच उडी आहे. शाळेत कधी एवढी मारली नाही त्याने." नातेवाइकांना फोटो पाठवताना मी खालचा भाग कापला. त्यामुळे भाऊबंदांत अजून असा समज आहे, की तिकडे लग्नात नुसत्याच उड्या मारतात.

मला वाटायचं, एवढे रीतिरिवाज म्हणजे हे सगळं हजारो वर्षांचं असणार. सूनच म्हणाली, नाही हो आई. जुन्याचे धागे आहेत, पण वीण नवी. पेगनांतल्या तिच्या विक्का पंथाची ओळख लोकांना झाली ती मुख्यतः जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थामुळे. मलायात कस्टमची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. 1951 साली इंग्लंडातला चेटकाविरुद्धचा कायदा रद्द झाला आणि 1954 साली त्याचं पुस्तक आलं. आमच्या ह्यांचा जन्म 1952 चा. "म्हणजे माझ्यापेक्षा धाकटाच की," म्हणाले, आणि तेव्हापासून ते त्या पंथाकडे वडीलकीच्या नजरेने बघतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून 74 हजार लोकांनी धर्म 'पेगन' लिहिला. आमचं एकटं अमळनेर त्याहून मोठं आहे.

मुलाने काय लिहिलं, हे मी एकदा विचारलं. इथे होता तेव्हा आरतीला टाळ वाजवायला बोलावलं की याला अभ्यास आठवायचा. आता पौर्णिमेला अंगणात पाण्याचा वाडगा ठेवतो, मेणबत्त्या लावतो, खिडकीतल्या फळीवरचे दगड, पिसं, शिंपले पुसून जागच्या जागी मांडतो. "तू नक्की कोण आहेस रे?" तर म्हणे, "मी पुसणारा."

2025 च्या श्रावणात 1 ऑगस्टला शुक्रवार आला आणि 3 तारखेच्या रविवारी कानबाई. 1 ऑगस्टला सुनेचा लामास, पहिल्या कापणीचा सण. त्या दिवशी नव्या गव्हाचा पाव भाजायचा. मला विचारते, आता शेतात काय कापतात? मी म्हटलं, बाई, आता कपाशीची निंदणी चाललीय. गहू मार्चमध्येच घरात आला, आता कोठीतला गहू आणि त्यातले किडे. ती जरा हिरमुसली. तिचं वर्षाचं आठ सणांचं, आठ आऱ्यांचं चाक तिकडच्या उन्हा-बर्फावर घडवलेलं, इथल्या काळ्या मातीत ते रुततं. शेवटी तोड निघाली ती वरण-बट्टीची. तिने कणकेवर सुरीने सूर्य कोरले, मी बट्ट्या उकडून, कापून तळल्या, सूर्यांचे चार-चार तुकडे झाले. कुणी हरकत घेतली नाही. तुपात सगळे सारखेच बुडाले.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्याकडे माणशी सव्वा मूठ गहू मोजतात. तिने विचारलं, सव्वा म्हणजे किती? मूठ कुणाची? आणि पाव मूठ कशी मोजायची? साठी उलटेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता. मोजला तिनेच. तिचे हात मोठे, गहू भरपूर झाला.

त्या बट्टीच्या जेवणातच नात बोलून गेली, "माझी मम्मा विच आहे." शाळेतही सांगते म्हणे, कौतुकाने. विच म्हणजे काय हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना कळलं, आणि माझा वाढता हात थांबला. काकूंना ऐकू गेलं नाही ना, म्हणून मी आधी खिडकी लावली. सून बघत होती. मग ती शांतपणे सांगायला लागली, की तिच्या डेव्हनमध्ये बिडेफर्डच्या तीन बायकांना 1682 साली चेटकिणी म्हणून एक्झेटरला फाशी दिलं. टेम्परन्स लॉइड, मेरी ट्रेम्बल्स, सुझॅना एडवर्ड्स. तिला नावं पाठ होती. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या दाराशी त्यांच्या नावांची पाटी आहे, ती दरवर्षी तिथे फुलं ठेवते. मुलगा म्हणाला, आपल्याकडेही 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. मी म्हटलं, वरण घे.

रात्री झाकपाक करताना केरसुणी उभीच होती. मी हात लावला नाही.

मोठी माय फडे, म्हणजे केरसुण्या, एका म्हातारीकडून घ्यायची. चोपड्याकडून यायची ती, डोक्यावर शिंदीच्या फड्यांचा भारा. पैसे नाहीत, फड्याला शेरभर ज्वारी. सगळी घासाघीस उंबऱ्याबाहेर. ती आली की मला आतल्या खोलीत कडी लावून ठेवायचे. एकदा मी निसटले. म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला, हसून काहीतरी बोलली. तळवा खरखरीत होता आणि त्याला ओल्या पानांचा वास होता. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली न झाली तोच मोठ्या मायने मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या, केरसुणीच्या पाच काड्या उपटल्या, माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. म्हणजे नजर मोठी, असं घरभर सांगून झालं. काड्या त्याच दिवशीच्या नव्या केरसुणीच्या होत्या, त्या म्हातारीनेच तासाभरापूर्वी दिलेल्या.

पुढे दोनेक वर्षांनी ती यायची बंद झाली. डाकीण होती, गावाने हाकलून दिली, असं ओट्यावर कुणीतरी म्हणालं. त्यानंतर आमच्याकडे फडे बाजारातून यायला लागले.

हे मी सुनेला दुसऱ्या दिवशी सांगितलं, गहू निवडताना. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

आम्ही तिला फडेवालीच म्हणायचो.