बारा मंगळवार अंगणवाडीच्या खोलीत

माझ्या मुलाच्या दंडावर माझी चार बोटं उमटली होती आणि ती अंगणवाडीच्या सेविकाताईंनी पाहिली. त्या ओरडल्या नाहीत. मुलाला खिचडी वाढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी पालकांचा वर्ग सुरू होतोय, बारा आठवड्यांचा. तुमचं नाव लिहू का?"

मी हो म्हणाले ते भीतीनं. मानखुर्दला आमच्या गल्लीत १०९८ हा नंबर सगळ्यांना पाठ आहे, पण मुलांच्या मदतीचा म्हणून नाही. मुलं उचलून नेणाऱ्यांचा म्हणून. वाटलं, नाही म्हटलं तर आपलं नाव कुठंतरी पुढं जाईल.

पहिल्या दिवशी आम्ही चौदा जणी होतो, त्यात एक आजी. पुरुष एकही नाही. मुलांना शेजारच्या खोलीत मदतनीस बाई सांभाळत होत्या. ती सोय नसती तर आमच्यातली एकही दुसऱ्यांदा आली नसती. वर्ग घेणाऱ्या संस्थेच्या ताईंनी आधीच सांगितलं, की इथलं बोलणं इथंच राहील, पण एखाद्या मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर आम्हाला ते लपवता येणार नाही. हे तोंडावर सांगितलं म्हणूनच मी टिकले. एकीनं विचारलं, "आपलंच पोर, आपणच मारलं तर कोणाचं काय जातं?" ताई म्हणाल्या, "२०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ७५ आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मी कलमं सांगायला आलेले नाही."

वर्गाची पद्धत दक्षिण आफ्रिकेतून आलेली, असं त्यांनी सांगितलं. केपटाऊनच्या गरीब वस्त्यांमधल्या आईबापांसाठी तिथल्या आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठांनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासोबत ती बसवली. मुलं दोन ते नऊ वर्षांची. तिथं त्याला 'सिनोवुयो' म्हणतात, खोसा भाषेत त्याचा अर्थ 'आम्हाला आनंद आहे'. त्यांनी फळ्यावर घर काढलं. भिंती म्हणजे मुलाबरोबरचा वेळ, कौतुक, बोलणं. छप्पर म्हणजे शिस्त. भिंती नसताना छप्पर कशावर घालणार? आमचं पत्र्याचं घर दोनदा तुटलंय, मला हे लगेच कळलं.

घरी करायचं पहिलं काम म्हणजे रोज पंधरा मिनिटं मुलाबरोबर खेळायचं. तो म्हणेल तसं. शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, तो काय करतोय तेवढं बोलून दाखवायचं. मला राग आला. मी शर्टांचे धागे कापते, नगावर पैसे मिळतात. पंधरा मिनिटं म्हणजे तेवढे नग गेले. तरी बसले. गाळ्यातून आणलेले दोऱ्यांचे रिकामे कोन त्यानं ओळीनं मांडले आणि दुकान काढलं. मी म्हणाले, "तू निळा कोन लालच्या वर ठेवलास." तो थबकून माझ्याकडं बघत राहिला. पाच वर्षांत मी त्याच्याशी बोलले होते ते ऊठ, जेव, गप, सरक एवढंच. चौथ्या दिवशी मी हात धुऊन येईपर्यंत तो कोन मांडून वाट बघत होता.

मधले काही आठवडे सरळ गेले. "धावू नको" ऐवजी "माझा हात धर" म्हणायचं. लांबून ओरडायचं नाही, जवळ जाऊन एका वेळी एकच गोष्ट सांगायची. हे खरंच चालतं. एक मंगळवार चुकला तर ताई घरी आल्या, पाटावर बसून सगळं परत सांगितलं.

आठव्या आठवड्यात मी त्याला पुन्हा मारलं. लाटण्यानं. वर्गाला जायची लाज वाटत होती, गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. ताईंनी का मारलं असं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याच्या आधीचा एक तास सांगा. काहीही गाळू नका."

मी सांगत गेले. पाणी आलं नव्हतं. हे नाक्यावरून काम न मिळता परत आले होते, सलग चौथा दिवस. गाळेवाल्यानं डाग पडलाय म्हणून गठ्ठा परत पाठवला होता. मी तो पुसत असताना पोरानं त्याच गठ्ठ्यावर चहा सांडला. सांगता सांगता मला रडू आलं. त्या तासात पोराचा वाटा शेवटच्या एका मिनिटाचा होता आणि मार मात्र सगळ्या तासाचा त्याला मिळाला होता.

मग सगळ्या बायकांनी मिळून त्या मिनिटात काय करायचं ते ठरवलं. गठ्ठा फळीवर ठेवायचा. हात वर गेला की तो आधी पाण्याच्या हंड्यावर ठेवायचा आणि पाच श्वास मोजायचे. आणि भिंत वाजवायची. माझी शेजारीण त्याच वर्गात होती, आमच्यात एक पत्रा आहे. मी दोनदा वाजवलं की तिनं काही न विचारता येऊन मुलाला घेऊन जायचं. मी आतापर्यंत सहा वेळा वाजवलंय.

वर्गानं पाणी आणलं नाही, नाक्यावर कामही आणलं नाही. ज्या घरात चार दिवस मजुरी नाही तिथं आईला फक्त श्वास मोजायला सांगणं पुरत नाही, हे मी ताईंनाही बोलले. त्यांनी एका मंगळवारी रेशनकार्ड आणि बांधकाम कामगारांच्या नोंदणीचे अर्ज आणले. यांची नोंदणी त्यातूनच झाली.

आमचे हे एकदाच आले, दारातच उभे राहिले. बायकांमध्ये कसं बसू, म्हणाले. पण घरी कोनांचं दुकान मांडलं की आता गिऱ्हाईक तेच असतात. बापांचा वर्ग रविवारी घ्या असं मी दोनदा सांगितलंय, पुन्हा सांगणार आहे.

गेल्या शुक्रवारी रात्री पलीकडून पत्रा वाजला. दोनदा. मी पीठाचे हात तसेच घेऊन गेले आणि तिच्या मुलीला घेऊन आले. माझ्या मुलानं तिला अर्धे कोन दिले.