शिरोलीच्या कोल्ड स्टोरेजमधली रात्र

ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर नऊ वर्षं झाली. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंडवाल्यांना पोंचू आणि प्लॅस्टिकचा कागद सोडून काही लागत नाही. डिसेंबरात केदारकंठाला निघालेली पोरं येतात आणि अर्धा तास जॅकेटचा रंग निवडतात.

नोव्हेंबरात आलेले मामा वेगळे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बेत असा, की जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीत काझाहून लांगझा, हिक्किम, कोमिक, डेमुल करत धनकरपर्यंत चालायचं. बारा दिवस, ओझं आपल्याच पाठीवर, सोबत तिथला एकजण, बऱ्याच रात्री तंबूत. मी ‘-२५’ छापलेली स्लीपिंग बॅग पुढं सरकवली.

“एवढ्या थंडीत झोप लागंल ह्यात?”

हा प्रश्न गिऱ्हाईक कधी विचारत नाही. लेबलवर खरं तर तीन आकडे असतात. कम्फर्ट, म्हणजे थंडी सहन न होणाऱ्यालाही झोप लागेल तो. लिमिट, म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र निघेल तो. आणि एक्स्ट्रीम, म्हणजे सहा तासांत माणूस गारठून मरणार नाही एवढीच हमी. ठळक छापतात तो हा तिसरा! त्या बॅगेचा कम्फर्ट होता -४. शेठचं म्हणणं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मामांनी विचारलं, म्हणून सांगितलं.

मामांचा माझ्यावरही विश्वास बसला नाही. त्यांचा भाचा शिरोली एमआयडीसीत आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर. आत -२०. “रातच्याला या तुमी बी.” शेठला न सांगता मी बॅग घेऊन गेलो.

लाकडी पॅलेटवर साधी फोमची मॅट, त्यावर मामा, कानटोपी घालून. आजूबाजूला छतापर्यंत बटरस्कॉचचे खोके. भाचा दर दहा मिनिटांनी दार उघडून “मामा, हाय न्हवं?” करायचा. सव्वा तासानं मामा बाहेर आले. ओठ निळसर, पण चेहऱ्यावर नवी गाडी ट्रायलला काढून आणल्याचा भाव.

“वरनं बरं हाय. खरं थंडी खालनं चढतीया.”

बरोबरच होतं. अंगाखाली बॅगेत भरलेली पिसं चेपतात, त्यांच्यातली हवा जाते आणि ऊब संपते. खालची थंडी अडवायची ती मॅटनं. मॅटच्या आर-व्हॅल्यूची, म्हणजे थंडी अडवायच्या ताकदीच्या आकड्याची, बेरीज होते, म्हणून २ ची फोमची खाली आणि ४ ची हवेची वर, असे ६ केले. बॅग पुण्याहून मागवली, कम्फर्ट -१८, वजन दीड किलो. पुन्हा एक रात्र आइस्क्रीममध्ये. पहाटे पाचला भाच्यानं हलवून उठवलं तेव्हा मामा घोरत होते. एवढा अभिमान मला कुठल्या विक्रीचा वाटला नव्हता. शेठला कमिशनचा वाटला.

जानेवारीच्या अखेरीस काझाहून फोन आला.

“मास्तर, बॅग इथल्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. पावणेदोन किलो भरली. निघताना दीड हुती. पाव किलो कशाचं?”

घामाचं. रात्रभर अंगातून वाफ निघते, पिसांतून बाहेर जाते आणि बाहेरच्या थंड थरात पोचली की तिथंच गोठते. एका रात्रीत ते कळत नाही. रोज थोडं थोडं साठत जातं, पिसांचे गोळे होतात, आणि लेबलवरचे तिन्ही आकडे खोटे पडतात. म्हणून लांबच्या मोहिमेत बॅगेच्या आत वाफ बाहेर न सोडणारं लायनर, म्हणजे पातळ अस्तर, घालतात, नाहीतर दुपारी ऊन मिळेल तिथं बॅग उलटी करून वाळवतात. हे मला ठाऊक होतं. कोल्ड स्टोरेजच्या दारात पहाटेपर्यंत उभा होतो, तेव्हाही ठाऊक होतं. मामा घोरले आणि मी खूश झालो.

“शेवटच्या चार राती लई वंगाळ गेल्या. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय हे?”

आवाज अगदी स्वच्छ येत होता. मागं कुणीतरी तराजूत डाळ ओततंय तेही ऐकू येत होतं.

“हॅलो? मामा, आवाज तुटतोय,” मी म्हणालो.