गरज वजा आवक : पूरग्रस्तांच्या छावणीत तूट मोजताना

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेले, तेव्हा शिरोळ तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये उघडलेल्या निवारा केंद्राचे रजिस्टर माझ्याकडे आले. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, एवढेच त्यामागचे कारण. काय हवे, काय आहे आणि काय कमी पडते, हे रोज संध्याकाळी तालुक्याला कळवायचे असे कामाचे स्वरूप होते, आणि ऐकताना ते साध्या वजाबाकीसारखे वाटले.

पहिली अडचण माणसे मोजण्यातच आली. दुपारच्या पंगतीला चारशेच्या वर पाने लागत आणि रात्री वर्गांतून फिरून मोजले की तीनशेच्या आसपास माणसे भरत, कारण गावातल्या उंचावरच्या घरी पाहुण्यांकडे राहिलेली कुटुंबे जेवायला तेवढी इकडे येत होती. रेशनकार्डांवरून यादी करावी, तर एका कार्डावर तीन-तीन चुली निघत. शेवटी शिध्याला पंगतीचा आकडा आणि पाणी, शौचालय, अंथरूण-पांघरुणाला रात्रीचा आकडा लावायचा, असे ठरवले. हा फरक केला नसता, तर पुढची प्रत्येक वजाबाकी चुकली असती.

मानक म्हणून मी आपत्ती-मदतीत जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ या मार्गदर्शक पुस्तिकेतली किमान प्रमाणे घेतली. माणशी रोज 15 लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, सुरुवातीच्या दिवसांत 50 माणसांमागे एक शौचालय आणि मुक्काम लांबला तर 20 माणसांमागे एक, हे त्यातले मुख्य आकडे. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या वर्गात या हिशेबाने 13 माणसे बसतात; आमच्याकडे प्रत्येक वर्गात तीसएक माणसे होती. जागा वाढवणे कोणाच्याच हातात नव्हते. मात्र आकडा समोर आल्यामुळे बाळंतिणी आणि आजारी म्हाताऱ्यांसाठी शिक्षकांची खोली रिकामी करावी, हे मुख्याध्यापकांना वेगळे पटवावे लागले नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी स्वतः मोठी चूक केली. तीनशे माणसांना 4,500 लिटर लागणार आणि रोज 5,000 लिटरचा टँकर येतो, म्हणून मी त्या रकान्यात तूट शून्य लिहिली. दुसऱ्या दिवशी एक काकी रिकामी कळशी घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. ‘‘सर, टँकर आला म्हंतासा, पर दुपारपास्नं नळाला थेंब न्हाई.’’ मी जाऊन पाहिले. आवारात हजार-हजार लिटरच्या दोनच टाक्या होत्या. त्या भरल्या की टँकर उरलेले पाणी घेऊन पुढच्या गावाला जात होता. म्हणजे माणशी पावणेसात लिटरसुद्धा पाणी मिळत नव्हते आणि खरी तूट साठवणीची होती. काकींचे ऐकून, टाक्या पाहायला जाण्याआधीच मी घाईने ‘‘पाणी कमी आहे’’ असा निरोप मोबाइलवर धाडला होता. तो इतक्या गटांतून फिरला, की महामार्ग शिरोलीजवळ पुन्हा वाहता झाल्यावर बाटल्यांची खोकी येतच राहिली आणि टाकी एकही आली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक मागणीवर तारीख, वेळ आणि ‘‘ही मागणी कधीपर्यंत ग्राह्य’’ हे लिहू लागलो, आणि गरज भागली की तसा वेगळा निरोपही न चुकता पाठवू लागलो.

ज्या गोष्टी कोणी मागत नाही, त्यांची तूट रजिस्टरात दिसतच नाही, हे मला गावातल्या आशाताईंमुळे, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेमुळे कळले. मी टेबलावर बसून विचारत होतो तोवर बाया ‘‘सगळं हाय की’’ म्हणत होत्या. ताई वर्गावर्गातून जाऊन खाली बसून बोलल्या, तेव्हा सॅनिटरी पॅड नाहीत, मुलींच्या शौचालयाच्या वाटेवर दिवा नाही आणि म्हणून कित्येक जणी सांजेनंतर पाणीच पीत नाहीत, हे बाहेर आले. एका आजींनी पदराच्या गाठीतून रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी काढून दाखवली. नाव वाचता येत नव्हते, म्हणून ती त्यांनी पुरातून जपून आणली होती. त्या संध्याकाळी आम्ही अशा पट्ट्या आणि चिठ्ठ्या गोळा करून औषधांची यादी केली. तोपर्यंत माझ्या रकान्यात नुसते ‘‘औषधे’’ असे लिहिलेले होते आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. दरम्यान जुन्या कपड्यांचा ढीग व्हरांड्याच्या कठड्याला टेकला होता, आणि तो हलवण्यात माझ्या स्वयंसेवक मुलांचे जे तास गेले, त्यांचा हिशेबही मी आवकेच्या बाजूला वजा करून ठेवला.

जनावरांना छापील तक्त्यात रकानाच नव्हता. ऊस पाण्याखाली, त्यामुळे वाडे (उसाचे हिरवे शेंडे) नाही, आणि दावणी सोडायला तयार नसलेली माणसे रस्त्याच्या भरावावर गुरांजवळ भिजत बसलेली. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण 15 किलो हिरवा चारा धरून मी तो रकाना हाताने आखला. पहिली गाडी चारा घेऊन आली त्या रात्री भरावावरची बरीच माणसे छावणीत निजायला आली, आणि वर्गांचा हिशेब पुन्हा करावा लागला.

पाणी ओसरले तशी यादी दोन दिवसांत उलटली. तयार जेवणाऐवजी खराटे, फावडी, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, शेगडी आणि अंथरुणे हवी होती, पण वाटेत असलेल्या गाड्या आधीच्या आठवड्यातल्या मागणीवर भरलेल्या होत्या. म्हणून आजच्या तुटीशेजारी ‘‘चार दिवसांनी लागणारे’’ असा रकाना मी जोडला.

जुलै 2021 मध्ये पंचगंगा पुन्हा वाढू लागली, तेव्हा तेच रजिस्टर काढून मी पहिला फोन टाक्यांसाठी केला. गावात पाणी शिरण्याच्या आदल्या संध्याकाळी हायस्कूलच्या आवारात आणखी तीन टाक्या उतरल्या होत्या.