सव्वा वाजलाय, आणि घड्याळ हलत नाही

मराठीत नुसतं 'सव्वा' म्हटलं की काम भागतं. रात्रीची तीच वेळ 'नीड यू नाऊ' या कंट्री गाण्याच्या ध्रुवपदात आहे. कंट्री म्हणजे घोडे, टोप्या आणि ट्रक, असं आपल्याकडे पक्कं ठरलेलं. इथे त्यातलं काही नाही. जमिनीवर विखुरलेले फोटो, तुटलेलं नातं आणि हाताशी फोन, बस.

गाणं 2009 चं. लेडी अँटेबेलम (2020 पासून लेडी ए) या त्रिकुटाने जॉश किअरसोबत लिहिलेलं. 2011 च्या ग्रॅमीत 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' दोन्ही याचे. पण खरी करामत बांधणीत आहे. हे द्वंद्वगीत आहे: पहिला अंतरा तिचा, दुसरा त्याचा. पहिल्या ध्रुवपदात सव्वा वाजलाय आणि एकटेपणा आहे. दुसऱ्यातही सव्वाच, फक्त आता थोडी चढलेली. मधे अख्खा अंतरा गेला तरी घड्याळ तिथेच, कारण दोघं आपापल्या घरी त्याच मिनिटात अडकलेत. त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, आपल्याला दोघांचं येतं.

विरह आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्ञानदेवांच्या विरहिणी आपल्याच. पण तिथला सखा दूर आहे. इथला दहा आकडी नंबराइतका जवळ, आणि म्हणून जास्त छळणारा.

आता नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या अमेरिकी शहरातल्या चार्टबद्दल, म्हणजे वादकांपुढच्या कागदाबद्दल, कारण असली गाणी तिथे ज्या पद्धतीने वाजतात ती प्रत्येक मराठी हार्मोनियमवाल्याने बघावी अशी आहे. स्टुडिओत कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) नावं लिहीत नाहीत, तो 'सा'पासून कितव्या सुरावरचा ते आकड्यात लिहितात: 1, 4, 5, आणि मायनर असेल तर पुढे आडवी रेघ, 6-. पट्टी पांढरी तीन असेल तर 4 म्हणजे पांढरी सहाचा कॉर्ड. गायिका म्हणाली, 'जरा खाली घ्या', आणि पट्टी पांढरी दोनवर आली, की तोच 4 पांढरी पाचचा होतो. कागदावर काही खोडायचं नाही. आकड्याभोवती हिऱ्याच्या आकाराची चौकट म्हणजे कॉर्ड एकदाच वाजवून घुमू द्यायचा. दोन आकड्यांखाली एक रेघ म्हणजे एकाच मात्रागटात दोन्ही. ही रेघ लिहायची राहून गेली की वादक एक गट मागे पडतो आणि ध्रुवपद आपटतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत बसवली. आपला 'सा' कुठेही ठेवता येतो, हे आपल्याला कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पण तीन तासांच्या सेशनसाठी ते एका कागदावर उतरवलं यांनी. हे मान्य करायला हवं.

महाराष्ट्र मंडळात हे द्वंद्वगीत घेणार असाल तर पट्टी तिच्या खालच्या सुरावरून ठरवा, त्याच्या वरच्यावरून नाही. तिचा अंतरा खाली, जवळजवळ कुजबुजीत आहे. पट्टी फार उतरवली तर माइकमध्ये नुसता श्वास उरतो. चढवली तर कुजबुज जाऊन तक्रार होते. कराओके ट्रॅक दोन पट्ट्यांपलीकडे सरकवू नका, ड्रम पत्र्यासारखे वाजतात. आणि दोघांनी अंतऱ्यात एकमेकांकडे बघायचं नाही. त्याचा अंतरा सुरू झाला की तिने माइक खाली घ्यावा आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभं राहावं, ध्रुवपद येईपर्यंत.