‘येऊ’मधली फट

ब्लॅकआउट कवितेच्या कार्यशाळेत मी सुरुवातीलाच फळ्यावर एक नियम लिहिते : नकार झाकून होकार करायचा नाही. छापील पानावरचे नको असलेले शब्द काळे करायचे आणि उरलेल्यांची कविता, एवढं सगळ्यांना दोन मिनिटांत समजतं. पण मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला येतो. ‘जमणार नाही’मधला ‘नाही’ झाकला की उरलं ‘जमणार’. पहिल्यांदा मार्कर हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हे करतो आणि काहीतरी गवसलं म्हणून खूश होतो. मला ते गवसणं वाटत नाही. लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं त्याच्या बरोबर उलट त्याच्या तोंडी घालायचं, तेही काही कष्ट न घेता.

खरे कष्ट प्रत्ययांपाशी पडतात. ‘घरातून’मधलं ‘घर’ हवं असेल तर शिरोरेषा ‘र’च्या अगदी कडेला तोडावी लागते. जाड टोकाचा मार्कर असला की तो ‘र’ही खातो. ‘झाडाला’मधून झाड निघतं, पण ‘पाण्याला’मधून पाणी निघत नाही, कारण सामान्यरूप होताना तो शब्द आतूनच बदललेला असतो. शिवाय ‘ती’ सापडली तर ‘गेली’ कुठून आणायची? पान ‘गेला’ने भरलेलं. म्हणून मी पेन्सिलीने आधी क्रियापदांना चौकटी करायला लावते, नामं नंतर. आधी आवडता शब्द निवडा, हा सगळीकडे मिळणारा सल्ला इंग्रजीसाठी ठीक आहे. मराठीत त्याने माणूस तिसऱ्या ओळीला अडकतो.

आणि मूळ कागदावर कधीही काम करायचं नाही. इथे मी ब्रिटिश चित्रकार टॉम फिलिप्स यांचं उदाहरण देते. १८९२ सालची एक विस्मृतीत गेलेली कादंबरी त्यांनी १९६६ मध्ये हाती घेतली, तिचं प्रत्येक पान रंगवून त्यातून नवं पुस्तक काढलं आणि तीच पानं पुढे ५० वर्षं पुन्हापुन्हा नव्याने केली. त्या कादंबरीच्या आणखी प्रती मिळत गेल्या, म्हणून ते जमलं.

त्या दिवशी १८ जण होते. शेवटच्या रांगेतल्या साठीच्या गृहस्थांनी मी वाटलेलं पान घेतलं नाही. प्लास्टिकच्या फोल्डरमधून स्वतःचा कागद काढला. झेरॉक्स आहे का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

अर्ध्या तासाने फिरत त्यांच्यापाशी पोचले तेव्हा शाईमुळे कळलं. झेरॉक्सवर मार्कर चालवला की टोनरच्या अक्षरांवर शाई मुरत नाही आणि काळ्यावर एक मळकट चकाकी येते. इथे तसं काही नव्हतं. पातळ, पिवळा पडलेला कागद शाई नुसती पीत होता. टाइप केलेलं पत्र होतं, मूळ. बहुतेक ओळी काळ्या झाल्या होत्या. उघडं राहिलं होतं एवढंच :

तू
परत
घरी ये
आई
बाबा

‘घरी ये’च्या पुढचा काळा पट्टा ओला होता. त्याखाली काय असेल ते मला न वाचताच कळलं. इतकी वर्षं हेच करते आहे. मी म्हणाले, “इथे ‘येऊ नकोस’ होतं ना? फळ्यावर लिहिलंय बघा, हेच करायचं नाही.”

मी ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. ही गोष्ट मला अजून सलते.

ते शांतपणे म्हणाले, “हो मॅडम, वाचलं मी. पुढे ‘आईला पत्र लिहू नकोस’ होतं. त्याचं ‘लिही’ होईना. ‘लिह’च राहत होतं. म्हणून फक्त आई ठेवली.”

वडील टंकलेखक होते, मुलाने घर सोडल्यावर त्यांनी हे पत्र पाठवलं होतं, आणि ‘बाबा’सुद्धा हाताने लिहिलेलं नव्हतं, टाइपच केलेलं होतं. मी खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणून म्हटलं, “निदान खालचं ‘बाबा’ तरी झाका. ही कविता तुमची आहे. त्यांच्या सहीने नको.”

हे मी आजही मानते. कॅनडातल्या कवयित्री एम. नोर्बसी फिलिप यांचं ‘झाँग!’ हे पुस्तक मला याच कारणासाठी मोठं वाटतं. १७८१ मध्ये झाँग नावाच्या जहाजावरून १३० हून अधिक गुलाम आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकून दिलं गेलं आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला. त्यावरून झालेल्या खटल्याच्या १७८३ च्या निकालाच्या मजकुरातून हे पुस्तक घडवलेलं आहे. फिलिप यांनी त्यातले शब्द फोडले, पानभर विखुरले, पण त्या निकालाला दयाळू केलं नाही. कागद जे बोलला त्याची जबाबदारी कागदावरच राहिली पाहिजे.

गृहस्थ म्हणाले, “सही राहू दे. बाबांचा हात कधी चुकत नसे. इथे बघा.” आणि ‘ये’च्या उजव्या बाजूला बोट ठेवलं.

मी वाकून पाहिलं. टाइपरायटरवर काना वेगळा मारावा लागतो, त्यामुळे अक्षराच्या पोटातही थोडी फट असतेच. कवितेला ती सोयीची पडते. ही तसली नव्हती. ‘ये’ संपल्यावर पुढचा काळा पट्टा लगेच सुरू होत नव्हता, मध्ये एका पूर्ण अक्षराची कोरी जागा होती. म्हणजे पत्रात ‘येऊ’ नव्हतंच. ‘ये’, मग रिकामी जागा, मग ‘ऊ नकोस’.

“इथे ते थांबले होते,” ते म्हणाले.

जुनी यंत्रं मध्येच एक घर सोडून पुढे सरकतात, हे मला माहीत आहे. टंकलेखकाच्या मुलालाही माहीत असणार. मी काही बोलले नाही. त्यांनी विचारलं, “ही शाई निघत नाही ना?” मी म्हटलं, नाही.

शेवटी प्रत्येक कवितेचा फोटो काढते, तो त्यांनी काढू दिला नाही. त्यानंतर तीन कार्यशाळा झाल्या. नियम फळ्यावर लिहिला, तिन्ही वेळा, आणि तिन्ही वेळा तो समजावताना मला त्या कागदावरची कोरी जागा दिसली.

मला एकच बघायचं होतं : तशी फट पत्रात आणखी कुठे होती का. टाइपच्या ठोक्याचा उठाव कागदाच्या मागे बोटाला लागतो, अक्षरं चाचपता येतात. पण ते तोवर पत्राची घडी घालत होते, आणि बाकीच्या ओळी मी दिलेल्या मार्करखाली गेल्या होत्या.